कोरियातले विहार, टेम्पलस्टे आणि ‘हिप बुद्धिझम’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नागपूरची, गेली सहा वर्षं कोरियात, सोलच्या जवळ राहते. नातेवाईक, मैत्रिणी, आईच्या विहारातल्या बायका आणि कोरियन ड्रामे बघून इकडे यायचं पक्कं केलेली पोरं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून ठेवतेय. इथल्या बौद्ध मंदिरांना मी विहारच म्हणणार आहे, कारण तिथं भिक्खू-भिक्खुणी राहतात, शिकतात, स्वयंपाक करतात, अंगण झाडतात. ते त्यांचं घर आहे हे फिरायला येणारे लोक पटकन विसरतात.

टेम्पलस्टे म्हणजे नक्की काय? हॉटेल की शिबिर?

दोन्ही नाही. चालू विहारात तुम्ही एक-दोन रात्री पाहुणे म्हणून राहता, तिथले कपडे घालता (ढगळ पँट आणि वर जाकीट, ते तेच देतात), त्यांच्या वेळेला जेवता, त्यांच्या वेळेला झोपता. सुरुवात झाली २००२ मध्ये. फुटबॉलचा वर्ल्डकप कोरिया आणि जपानमध्ये मिळून होता, बाहेरून येणाऱ्यांना राहायला खोल्या कमी पडतील अशी काळजी होती, तेव्हा ३३ विहारांनी आपल्याकडे लोकांना ठेवून घेतलं. वर्ल्डकप संपला पण लोक येतच राहिले, मग २००४ मध्ये जोग्ये पंथाने, म्हणजे कोरियातल्या सगळ्यात मोठ्या बौद्ध पंथाने, यासाठी वेगळी संस्थाच काढली आणि आज दीडशेच्या आसपास विहारांमध्ये हा कार्यक्रम चालतो. बुकिंग टेम्पलस्टेच्या अधिकृत वेबसाइटवरून होतं, इंग्रजीत पण होतं.

यात सरकारचा पैसा आहे असं ऐकलं, खरंय का?

हो, सांस्कृतिक पर्यटन म्हणून सरकार अनुदान देतं आणि त्यावरून वादही झालेत. डिसेंबर २०१० मध्ये संसदेत बजेट पास होताना टेम्पलस्टेचा निधी कापला गेला, तेव्हा जोग्ये पंथ इतका चिडला की सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांना विहारात पाऊल ठेवू देणार नाही असं जाहीर केलं. एका धर्माला सरकारी पैसा का, असं म्हणणारेही इथं आहेत, आणि तो प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पण दुसरी बाजू अशी की देशातला जुना सांस्कृतिक ठेवा फार मोठ्या प्रमाणात विहारांच्या ताब्यात आहे आणि तो सांभाळायचा खर्च डोंगराएवढा आहे. पूर्वी मोठ्या विहारांच्या वाटेवर तिकीट फाडायला लागायचं, तुम्ही नुसते डोंगर चढायला आलेले असलात तरी, आणि त्यावरून गेटवर रोज भांडणं. मे २०२३ पासून जोग्ये पंथाच्या ६५ विहारांनी ते तिकीट बंद केलं, ती भरपाई आता सरकारकडून येते.

खर्च किती, आणि कुठला प्रकार घ्यावा?

एका रात्रीचे साधारण ५० हजार ते १ लाख वॉन धरा, जेवण त्यातच. प्रकार मुख्य दोन, एक आरामाचा आणि एक अनुभवाचा. आरामाच्या प्रकारात जेवण आणि वंदना सोडली तर दिवसभर तुम्हाला कुणी काही म्हणत नाही, झोपा, चाला, ओसरीवर बसून पाऊस बघा. अनुभवाच्या प्रकारात ध्यान, १०८ प्रणाम, माळ ओवणं, कागदाचं कमळ करणं, भिक्खूंसोबत चहा असा भरगच्च कार्यक्रम असतो. पहिल्यांदाच जात असाल तर अनुभवाचाच घ्या, कारण आरामाच्या प्रकारात भाषा येत नसेल तर दोन दिवस नुसते खोलीत काढून परत याल. आणि चहा चुकवू नका. चहाच्या वेळी भिक्खू तुमच्यासमोर मांडी घालून बसतात, स्वतः ओतून देतात आणि काहीही विचारा म्हणतात, आणि लोक खरंच काहीही विचारतात, नोकरी सोडू का इथपासून आई गेल्यापासून झोप येत नाही इथपर्यंत.

जागा कुठली? सोलमध्ये एकच दिवस असेल तर जोग्येसा, म्हणजे जोग्ये पंथाचं मुख्य विहार (नावातलं ‘सा’ म्हणजे विहार), किंवा गंगनममधलं बोंगउन्सा. बोंगउन्साची स्थापना ७९४ ची, आणि समोरच काचेच्या प्रचंड इमारती, तो फरक डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. दोन दिवस असतील तर मात्र शहराबाहेर पडा. ओदेसान डोंगरातलं वोल्जोंगसा, तिथली देवदारासारख्या उंच झाडांची वाट, किंवा दक्षिणेचं हेइन्सा, जिथं तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८० हजारांवर लाकडी ठसे अजून जसेच्या तसे ठेवलेत. मार्शल आर्ट आवडत असेल तर ग्योंगजूजवळ गोल्गुल्सा, तिथं सन्मुदो शिकवतात.

पहाटे खरंच चारला उठावं लागतं का?

बऱ्याच ठिकाणी हो, काही विहारांत पाहुण्यांना सूट असते. पण माझं ऐका, एक दिवस उठाच.

काय होतं सांगते. अंधार असतो, जमिनीखालून गरम केलेली खोली, तुम्ही पातळ गादीवर झोपलेले. लांबून टोक... टोक... असा आवाज येतो, आधी इतका बारीक की स्वप्नात वाटतो, मग हळूहळू वाढत जातो. तो मोकताक, लाकडाचं पोकळ वाद्य. एक भिक्खू तो वाजवत, सूत्र म्हणत सगळ्या विहाराला फेरी घालत असतो. दचकवून उठवायचं नाही, किड्यामुंग्यांनाही हळूच जाग आली पाहिजे, म्हणून आवाज बारीक सुरू होतो असं मला एका भिक्खुणीने सांगितलं. मग चार वाद्यं वाजतात. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची पाटी पाखरांसाठी, आणि घंटा नरकात अडकलेल्यांसाठी. घंटा पहाटे २८ वेळा, संध्याकाळी ३३ वेळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थंडीत बाहेर उभी होते आणि घंटेचा एक ठोका पूर्ण विरेपर्यंत पुढचा ठोका पडतच नव्हता, आणि मला आमच्या गल्लीतला विहार आठवला, लहानपणी आई हात धरून पौर्णिमेच्या वंदनेला न्यायची तो.

१०८ प्रणाम झेपतील का? गुडघे दुखतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. प्रणाम म्हणजे उभं राहून हात जोडायचे, गुडघे टेकायचे, कपाळ आणि दोन्ही कोपरं जमिनीला, तळहात वर, आणि परत उभं राहायचं. असे १०८. तरुण माणसाला वीसेक मिनिटं लागतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. अनेक ठिकाणी प्रत्येक प्रणामाला एक मणी ओवायचा असतो, शेवटी तुमची १०८ मण्यांची माळ तयार, ती घरी न्यायची.

माझी आई इथं आली तेव्हा तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मी आधीच सांगून ठेवलं होतं, तर तिथल्या बाईंनी न बोलता खुर्ची आणून ठेवली. आई खुर्चीवर बसून हात जोडायची, कमरेतून वाकायची आणि मणी ओवायची. तिसाव्या मण्याच्या आसपास दोऱ्याचं टोक उसवलं आणि चष्मा खोलीत राहिलेला, तिला भोक दिसेना. शेजारी एक कोरियन आजी होत्या, सत्तरीच्या तरी असतील, त्या स्वतःचे प्रणाम थांबवून आल्या, टोक ओठांत ओलं करून पिळलं, मणी घातला आणि परत जाऊन आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. आईने हात जोडले, आजींनी हात जोडले. इथं भेटल्यावर, निघताना, जेवणाआधी असेच हात जोडतात, त्याला हापजांग म्हणतात, आपल्या माणसाला ते शिकवावं लागतच नाही.

तेव्हा उत्तर असं, की आधी सांगा, लाजू नका, जमेल तेवढे करा.

जेवण शाकाहारी असतं ना? कांदा-लसूण?

विहारातलं जेवण पूर्ण शाकाहारी, मासा नाही, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात आपल्याकडे बऱ्याच घरांत पाळतात तसं, फक्त इथं बारा महिने. लसूण, कांद्याची पात वगैरे मिळून पाच उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य, कारण त्याने मन भडकतं असं मानतात. जैन मंडळींनी लक्षात ठेवा, मुळा, बटाटा, गाजर, कमळाचं मूळ असली कंदमुळं मात्र सर्रास असतात.

बाहेरच्या हॉटेलात शाकाहारी माणसाचे हाल होतात, कारण साध्या किमचीतसुद्धा माशाचा किंवा कोळंबीचा खार घातलेला असतो. विहारातल्या किमचीत तो नसतो, म्हणून पोटभर आणि निर्धास्तपणे किमची खायची असेल तर तिथंच खा. चव सौम्य असते, तिखटाची सवय असलेल्या जिभेला पहिल्या घासाला काहीच कळत नाही. रानातल्या पालेभाज्या, वर्षानुवर्षं मुरवलेला सोयासॉस, सोयाबीनची आंबवलेली पेस्ट, तिळाचं तेल, बस. दुसऱ्या दिवशी तीच चव कळायला लागते.

या जेवणाला जगात नाव झालं ते बेक्यांगसा विहाराच्या चुनजिनाम आश्रमात राहणाऱ्या भिक्खुणी जॉन्ग क्वान यांच्यामुळे. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सच्या स्वयंपाकाच्या डॉक्युमेंटरीत त्या दिसल्या आणि जगातले मोठमोठे शेफ त्यांच्या मागच्या अंगणातली बाग बघायला यायला लागले. त्या हॉटेल चालवत नाहीत, पिकवतात आणि रांधतात. सोलमध्ये जोग्येसाच्या समोर बालवू गोंगयांग म्हणून पंथाचंच रेस्टॉरंट आहे, त्याला काही वर्षं मिशलिनचा स्टारही होता, पण ते महाग आहे आणि मला विचाराल तर विहारातल्या स्टीलच्या ताटात जेवण्याची सर त्याला नाही. २०२५ मध्ये सरकारने विहारातल्या या पाककलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

चार वाडग्यांचं पारंपरिक जेवण, बारू गोंगयांग, आता फार थोड्या ठिकाणी पाहुण्यांना मिळतं, बाकी सगळीकडे बुफे. मिळालं तर घ्या. एकात एक बसणारे चार वाडगे, भात, सूप, भाजी आणि पाणी. बोलायचं नाही, एक शीत ठेवायचं नाही. शेवटी किमचीच्या किंवा मुळ्याच्या एका फोडीने वाडगा पुसत पुसत पाण्याने धुवायचा, ते पाणी पिऊन टाकायचं, ती फोड खाऊन टाकायची. मग शेवटचं स्वच्छ पाणी बादलीत ओततात, ते भुकेल्या प्रेतयोनीतल्या जिवांसाठी, त्यांचा गळा सुईएवढा बारीक असतो असं मानतात म्हणून त्या पाण्यात एक कण जरी दिसला तरी चालत नाही. कुणाचा तरी गळा बारीक आहे म्हणून आपला वाडगा स्वच्छ धुवायचा, हे मला इथल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त कळलं.

मी इगतपुरीला विपश्यना केलीय. हे तसंच आहे का?

नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून गेलात तर नाराज व्हाल. विपश्यनेत दहा दिवस मौन, फोन जमा, दिवसाला दहा तास बैठक, आणि फी नाही, दान. इथं पैसे भरून यायचं, एक रात्र, फोन तुमच्याजवळ, बोलायला मोकळीक, ध्यान तासभर झालं तरी पुष्कळ. ध्यानाची पद्धतही वेगळी, इथली पद्धत सन, हा शब्द आपल्या ‘ध्यान’वरूनच आलाय, त्यात “हे काय आहे?” असा एकच प्रश्न धरून बसतात.

पण इथं खोल साधना नाही असं समजू नका, ती आहे, फक्त तुम्हाला दाखवत नाहीत. भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहून साधना करणं, आपल्याला माहीत आहे, कोरियात तो वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात तीन महिने आणि हिवाळ्यात तीन महिने. तेव्हा ध्यानमंडपाच्या वाटेवर आडवा बांबू किंवा पाटी असते, पुढे जायचं नाही. मुंग्योंगचं बोंगाम्सा तर वर्षभर बंद असतं, बाहेरच्या माणसाला फक्त बुद्ध जयंतीच्या एका दिवशी आत सोडतात. टी-शर्ट, डीजे, इन्स्टाग्राम बघून लोक म्हणतात की कोरियन बौद्धांनी सगळं विकायला काढलं, त्यांना मी बोंगाम्साचं उदाहरण देते. एक दार सताड उघडं ठेवलंय, दुसरं घट्ट लावून ठेवलंय, आणि दोन्ही त्यांनी ठरवून केलंय.

‘हिप बुद्धिझम’ काय प्रकार आहे?

तरुण पोरांमध्ये बुद्धाची जी फॅशन आलीय तिला इथल्या मीडियाने दिलेलं नाव. याचं केंद्र म्हणजे सोलचं आंतरराष्ट्रीय बौद्ध प्रदर्शन, २०१३ पासून भरतं. आधी तिथं मूर्ती, उदबत्त्या, चहा, भिक्खूंचे कपडे असायचे आणि येणारे वयस्कर. २०२४ ला त्यांनी थीमच ठेवली ‘मजेचा बौद्ध धर्म’, आणि विशी-तिशीतली पोरं रांगा लावून आली. मोकताकच्या आकाराची कीचेन, बुद्धाचे स्टिकर, टी-शर्ट. सगळ्यात गाजलेल्या टी-शर्टवर शब्दांचा खेळ आहे. कोरियनमध्ये सुखावतीला, अमिताभ बुद्धाच्या त्या भूमीला, गुंगनाक म्हणतात, आणि त्यातलं शेवटचं अक्षर सुटं उच्चारलं की होतं राक, रॉक संगीतालाही राकच म्हणतात, म्हणून वाक्य असं की सुखावती हाही रॉकच आहे.

का चाललं हे? २०१५ च्या जनगणनेत ५६ टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं लिहिलं, स्वतःला बौद्ध म्हणवणारे १५.५ टक्के. नवीन भिक्खू व्हायला येणारी मुलं कमी होत चाललीत. दुसरीकडे तीच पिढी परीक्षा, नोकरी, घराच्या किमती यात पिळून निघालीय. तिला धर्मांतर नकोय, कुणीतरी थांब म्हणणारं हवंय. विहारांनी ते ओळखलं आणि बौद्ध व्हा असं न म्हणता नुसतं या म्हटलं.

तो डीजे भिक्खू, न्यूजीनस्निम, हा बुद्धाचा अपमान नाही का?

आईने पण हेच विचारलं होतं, रागाने. आधी वस्तुस्थिती. युन सॉन्ग-हो हा कोरियन कॉमेडियन आहे. तो दीक्षा घेतलेला भिक्खू नाही, पण न्यूजीन हे धर्मनाम त्याने रीतसर एका भिक्खूकडून घेतलंय, मागचं ‘स्निम’ म्हणजे सुनिम, भिक्खूंना लावायचा आदरार्थी शब्द. डोकं तासलेलं, राखाडी चीवर, कानावर हेडफोन, ईडीएमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या तालावर नोकरीच्या टेन्शनबद्दल ओरडतो आणि शेवटी म्हणतो हेही निघून जाईल. २०२३ च्या कंदील महोत्सवात त्याने सोलच्या रस्त्यावर पोरं नाचवली आणि जोग्ये पंथाच्या प्रमुखांनी त्याला भेटून कौतुक केलं.

मग मे २०२४ मध्ये क्वालालंपूरच्या एका नाइटक्लबमध्ये त्याने तसाच शो केला, आणि मलेशियातले बौद्ध भडकले. पुढचा शो रद्द झाला. सिंगापूरलाही चीवर न घालायची आणि बौद्ध गाणी न वाजवायची अट आली आणि शेवटी तोही शो झाला नाही.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. सोलमध्ये तो बुद्ध जयंतीच्या उत्सवात, पंथाच्या बोलावण्यावरून, भिक्खूंच्या समोर नाचला, तिथं तो घरचा कार्यक्रम होता. क्वालालंपूरला दारू विकणाऱ्या जागी, तिथल्या बौद्धांना न विचारता तेच चीवर घातलं. आणि मलेशियात बौद्ध अल्पसंख्य आहेत, अल्पसंख्य माणसाला आपल्या खुणांची खिल्ली फार लवकर टोचते, हे आपल्याकडच्या बौद्धांना वेगळं सांगायला नको. चीवर तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो. मी आईला असंच सांगितलं. तिचं म्हणणं, चीवर बाजूला ठेवून नाचला असता तर काय बिघडलं असतं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बुद्धाच्या छोट्या रंगीत मूर्ती मिळतात त्या घ्याव्यात का?

ज्या तुम्ही बघितल्या त्या बहुतेक सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या. तिथं नोव्हेंबर २०२१ मध्ये एक वेगळी खोली उघडली, अंधारी, आणि त्यात फक्त दोन मूर्ती. सहाव्या-सातव्या शतकातले, सोन्याचा मुलामा दिलेले दोन बोधिसत्त्व, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, बोटं गालाला हलकेच टेकलेली, विचारात बुडलेले. बाकी काही नाही. मी गेले तेव्हा शाळेच्या सहलीची पोरं दंगा करत आली आणि आत शिरताच आपोआप गप्प झाली. त्याच मूर्तींच्या गुलाबी, निळ्या, हिरव्या छोट्या प्रतिकृती खालच्या दुकानात मिळतात, बीटीएस या कोरियन बँडमधल्या आरएमकडे एक आहे असं कळल्यावर तर त्या संपायलाच लागल्या.

घ्या की. पण आधी वर जाऊन मूळ मूर्तींसमोर दहा मिनिटं बसा. आणि घरी उंचावर ठेवा. माझी स्वतःची रेघ अशी आहे की वाक्य छातीवर चालेल, बोधिसत्त्व टेबलावर चालेल, बुद्धाचा चेहरा पायमोज्यावर किंवा पायपुसण्यावर दिसला तर मी त्या दुकानात परत जात नाही.

विहारात लग्न जुळवतात म्हणे?

‘मी विहारात’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम आहे, टीव्हीवरच्या एका डेटिंग शोच्या नावाशी यमक जुळवलंय. जोग्ये पंथाची समाजकल्याण संस्था चालवते. मोजकी मुलं-मुली, एक रात्र दोन दिवस, बौद्ध असायची अट नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये समुद्राकाठच्या नाकसान्सात झाला तेव्हा वीसेक जागांसाठी हजाराच्या वर अर्ज आले होते. कोरियात २०२३ चा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ होता, तेव्हा ब्रह्मचारी भिक्खूंनी पोरांची लग्नं मनावर घेतली यात नवल नाही. परदेशी टूरिस्टसाठी हा नाही, नाव नोंदवायला जाऊ नका.

कंदिलांचा उत्सव कधी असतो? बुद्ध पौर्णिमेलाच ना?

नाही, इथं बरेच जण चुकतात. कोरियात बुद्ध जयंती चांद्र कॅलेंडरच्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला नाहीच, काही वर्षी आपल्या बुद्ध पौर्णिमेच्या आठवडाभर आधी आणि काही वर्षी तिच्यानंतर. २०२४ मध्ये इथं १५ मे होती आणि भारतात २३ मे. १९७५ पासून सार्वजनिक सुट्टी आहे. कंदिलांची मोठी मिरवणूक, योनदुंगह्वे, त्याच्याही आधीच्या शनिवार-रविवारी निघते, म्हणून तारखा बघूनच तिकीट काढा. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जोंगनोच्या रस्त्यावरून पूर्वेच्या जुन्या वेशीपासून जोग्येसापर्यंत माणसं हातात कागदी कंदील घेऊन चालतात, मध्येच हत्ती, ड्रॅगन, कमळ असे घराएवढे कंदील. खुर्च्या फुकट असतात, दुपारी चारला जाऊन जागा धरा.

जोग्येसाच्या अंगणात तेव्हा वर आभाळ दिसत नाही, नुसते रंगीत कंदील, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. एका बाजूला सगळे पांढरे दिसतील. ते गेलेल्या माणसांसाठी. तिथं सेल्फी काढणारे बघितले की मला फार वाईट वाटतं, बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

आम्ही नवबौद्ध. तिथले देव, बोधिसत्त्व, पूजा हे परकं वाटेल का?

थोडं वाटेल, खोटं कशाला सांगू. आपल्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब, त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा. इथं महायान, मुख्य बुद्धाच्या दोन्ही बाजूला बोधिसत्त्व, मागे पहाडाच्या देवाचं छोटं घर, परीक्षेच्या आधी डोंगरावरच्या गात्बावी बुद्धाला नवस करणाऱ्या आया. एक इच्छा पुरी करतो म्हणतात तो, नोव्हेंबरात त्या पायऱ्यांवर मुंगीला जागा नसते. हे बघून आईने कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

पण मग आम्ही सोक्कुरामला गेलो. ग्योंगजूच्या डोंगरावर आठव्या शतकात ग्रॅनाइटचे दगड रचून केलेली गुंफा, आत भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध. काचेतून बघावं लागतं, फोटो बंद. बुद्धाच्या बरोबर मागच्या भिंतीवर अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, कोरलाय, त्याला इथं ग्वानुम म्हणतात. आणि अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आपल्याकडे कुठं आहे, तर मुंबईत, कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला कमळ घेतलेला पद्मपाणी, तोही हाच. दगड फोडून आत बुद्ध बसवायची कल्पना आपल्या सह्याद्रीसारख्या डोंगरांतून निघून मध्य आशिया, चीन करत इथं पोचली, आणि इथला ग्रॅनाइट कोरायला कठीण म्हणून यांनी गुंफाच दगडांनी बांधून काढली. हे आईला सांगितल्यावर ती काचेसमोरून हलेना, मागची रांग खोळंबली.

आणि कोरियन लोक भारताला बुद्धाचा देश म्हणूनच ओळखतात. तुम्ही भारतातून आलात कळलं की विहारातली म्हातारी माणसं तुमचे हात हातात घेतात.

दारावर स्वस्तिक आणि लाल-पांढरे झेंडे असलेली घरं म्हणजे विहार का?

नाही! स्वस्तिकासारखं उलट्या दिशेचं चिन्ह विहाराचं आहे, नकाशातही विहार तसाच दाखवतात. पण गल्लीतल्या घरावर ते चिन्ह आणि बांबूला झेंडे असतील तर तो बहुतेक भविष्य सांगणाऱ्या मुदांगचा, अंगात येणाऱ्या बाईचा ठिकाणा. तो वेगळा लोकधर्म आहे.

आत वागायचं कसं?

बूट काढा. मुख्य सभागृहाच्या मधल्या दाराने शिरू नका, ते भिक्खूंसाठी, तुम्ही बाजूच्या दाराने. खांदे-गुडघे झाकलेले. वंदना चालू असताना मोबाइल खिशात. एका विहारात मी पहाटेच्या वंदनेला बसले होते आणि एका ग्रुपने भिक्खुणींच्या तोंडासमोर कॅमेरे धरले, त्या सूत्र म्हणत राहिल्या, एकीनेही मान वळवली नाही, आणि मला मागे बसून मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिक्खू असो की भिक्खुणी, हाक मारताना सुनिम म्हणा.

व्हिसा, भाषा, लहान मुलं?

व्हिसा लागतो, आधीच काढा. सगळीकडे इंग्रजी नसतं, बुक करताना परदेशी पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम निवडा. मुलांसकट कुटुंबाचे कार्यक्रम आहेत. स्त्री-पुरुषांना बऱ्याच ठिकाणी वेगळ्या खोल्या, नवरा-बायको असाल तर आधी विचारा. वणव्यांनंतर जाणार असाल तर विहार उघडा आहे का तेही बघा, मार्च २०२५ च्या आगीत उईसोंगचं गोउन्सा, सातव्या शतकातलं, बहुतेक सगळं जळालं.

परत येताना तिथून काय आणू? काय घेण्यासारखं आहे?

स्वतः ओवलेली माळ, विहाराचा ग्रीन टी, उदबत्ती. पण मला विचाराल तर आणण्यापेक्षा ठेवून या. बऱ्याच विहारांत दुरुस्तीसाठी काळ्या कौलांचा ढीग असतो, शेजारी पांढऱ्या रंगाचा मार्कर. साधारण १० हजार वॉन दान टाकायचे आणि कौलावर नाव, इच्छा, काय वाटेल ते लिहायचं, पुढे छपराचं काम निघालं की ते कौल वर चढतं. आईने देवनागरीत बाबांचं नाव लिहिलं, त्यांची जन्मतारीख, गेल्याची तारीख, आणि खाली ‘नागपूर’. दान घेणाऱ्या बाई बराच वेळ अक्षरं बघत राहिल्या, मग त्यांनी विचारलं की ही बुद्धाची भाषा का, मी म्हटलं नाही, आमची, मराठी. वर्षाने मी एकटी परत गेले तेव्हा तो ढीग संपला होता आणि घंटेच्या मंडपावर नवी कौलं बसली होती. आमचं कुठलं ते खालून दिसत नाही, लिहिलेली बाजू आत जाते.